यानावरचं विरजण

सुनेचा हात सैल, हे तानाक्काला पहिल्यापासून खटकायचं. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पण या मैनेनं यानातले दिवे संध्याकाळचे पिवळे झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या जरीनाला वाटीभर दिलंच. वर तोंड करून म्हणते, "आत्याबाई, इथं सूर्यच नाही, तर तिन्हीसांज कुठली?"

त्या दिवसापासून तानाक्कानं सुनेशी अबोला धरला. पृथ्वी सोडताना तानाक्काच्या आईनं ते विरजण पोटाशी धरून आणलं होतं. पुढं आई गेली, मागं पृथ्वीही दिसेनाशी झाली. रोज लागणारं दही तेवढं माहेरचं उरलं होतं.

मग त्यांच्या मजल्यावर तापाची साथ आली. डॉक्टरांनी माणसं बाहेर काढली आणि घरंच्या घरं किरणांनी धुतली. जंतू म्हणून जे जे होतं ते मेलं. परतल्यावर तानाक्कानं नेहमीसारखं दूध विरजलं, आणि सकाळी झाकण काढलं तर दूध दूधच होतं. मढ्याजवळ बसावं तशी ती दिवसभर त्या भांड्यापाशी बसून राहिली.

दिवे पिवळे झाले तेव्हा मैना जरीनाकडून वाटी घेऊन आली. तानाक्कानं बोट बुडवून जिभेला लावलं. तोच आंबटपणा, आईच्या हातचा. तिचे डोळे भरले, पण जीभ काही नरमली नाही.

"तिन्हीसांजेला दिलंस, ते चुकलंच तुझं," ती म्हणाली. "आणि एकाच घरी दिलंस, ते त्याहून चुकलं. ऊठ, वाट्या काढ. दिवे पिवळे आहेत तोवरच घरोघरी चमचा चमचा देऊन ये."