खिशातली काडेपेटी
विंझरला आमच्या घरी प्रार्थनेला पंधरा माणसं जमली होती आणि आमचे हे, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक गोरखभाऊ, डोळे मिटून सांगत होते की आमची पेंढ्याची गंजी सैतानानं जाळली. गेल्या वर्षी शेजारच्या रत्नाकाकूंची म्हैस मेली, तेव्हा याच तोंडानं त्यांना ऐकवलं होतं, "काकू, भात पेरायच्या आधी आपण पालापाचोळा पेटवून जमीन भाजतो, राब करतो ना, तसा देव आपल्या लेकराला भाजतो. मायेनंच. सोसा." आता स्वतःला धग लागली, तर लगेच सैतान! सासूबाई उठल्या. सगळ्यांदेखत त्यांनी लेकाच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काडेपेटी बाहेर काढली. "सैतान ही तुज्या खिशात ठेवून गेला व्हय रं? भर दुपारी, वारं सुटलं असताना राब पेटीवलास, आन् मोबाईलवर दुसऱ्याला उपदेश करत बसलास. देवानं कान धरलाय, तर मान खाली घाल. न्हाईतर लोकांना तरी शिकवू नगंस." ह्यांनी पुन्हा उपदेशाला तोंड उघडलं. तेवढ्यात दारात रत्नाकाकू आल्या, डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन. "गुरं उपाशी आसतील म्हनून आनला," एवढंच म्हणाल्या. हे उठले. मान खाली घालून पुढं गेले आणि काकूंच्या डोक्यावरचा भारा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. लग्नाला अकरा वर्षं झाली. हा माणूस तोंड मिटून काही करताना मी पहिल्यांदाच पाहिला.