हिरवी खूण

भागातल्या प्रत्येक चार्जिंग केंद्रावर महिन्यातून एकदा जायचं, स्वतः गाडी लावून बघायची आणि मगच ॲपवर 'चालू'ची हिरवी खूण करायची, असं साहेबांचं काम. पण डोंगरावरचं केंद्र पडलं लांब. चाळीस वळणं चढायची आणि चाळीस उतरायची. तीन महिने झाले, साहेब ती खूण खुर्चीत बसल्या बसल्याच करत होते.
"तिथे बंद पडून पडून काय पडणार आहे?" असं म्हणून वर हसतही होते.

आज दुपारी लेकीचा फोन आला. सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन ती निघाली होती. तीनची वेळ, तीही दोन महिने थांबून मिळालेली.

"बाबा, डोंगरावरच्या केंद्रावर अडकलोय. मशीन पार मेलंय, वायरीला कोळ्यांनी जाळी विणलीत. गाडीही आता हलायची नाही."

मागून विहीणबाईंचा आवाज आला, "अगं, घाबरतेस कशाला? तुझ्या बाबांना यातलं सगळं कळतं, ते सांगतील!"

खोलीत कुणी नव्हतं, तरी साहेबांची मान खाली गेली. काहीतरी बोलायचं म्हणून ते चिडले, "मग खालच्या गावातच चार्ज करून घ्यायची ना! तिथलं तर चालू होतं."



"तिथे थांबलेच होते, बाबा. पण या केंद्राच्या खुणेखाली तपासणाऱ्याचं नाव तुमचं दिसलं, म्हणून निर्धास्त पुढे आले."