उत्तरेचा बेत

नकाशा टेबलावर मावत नव्हता. ताईनं त्याचं वरचं टोक फ्रिजच्या दारापर्यंत नेलं आणि चुंबकाखाली अडकवलं. अप्पांचं, म्हणजे ताईच्या वडिलांचं, गाव त्या टोकालाच होतं. शेवटचा पेट्रोल पंप कुठे आहे ते बघायला मास्तरला खुर्चीवरून उठावं लागलं.

मास्तर म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवायचा, म्हणून घरात त्याचं नाव मास्तर पडलं होतं. त्याचा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेला, पण बर्फाचं नाव निघालं की त्याचाच पाय आपोआप ब्रेक शोधायचा. दर हिवाळ्यात अप्पांकडे गाडीनं जायचा बेत व्हायचा आणि दर हिवाळ्यात मास्तर तो मोडायचा. तेही इतक्या गोडीनं, की बेत कुणी मोडला हे नंतर कुणाला आठवू नये.

यंदा मात्र ताई हटून बसली होती. फोनवर अप्पांचा आवाज फार बारीक येतो, म्हणाली. तिच्या सांगण्यावरून दाजींनी बर्फावर न घसरणारे खिळ्यांचे टायर, चाकांना बांधायच्या साखळ्या, फावडं आणि जाड पांघरुणं आणून दाराशी रचून ठेवली होती. दाजी, म्हणजे तिचा नवरा, फ्रिज दुरुस्त करायचे. आपलं थंडी काय वाकडं करणार, आपण रोज तिच्या पोटात डोकं घालतो, हा विनोद त्यांनी दुपारपासून बराच वापरला होता. बसले होते ते अप्पांच्या स्टुलावर. अप्पा इथे राहायला यायचे तेव्हा दिवाणावर मावायचे नाहीत. पाय बाहेर लोंबायचे, म्हणून पायांखाली हे स्टूल लागायचं. त्यांच्या गावातही त्यांच्याएवढा उंच माणूस दुसरा नव्हता.

मास्तरनं आजही सबब आणली होती आणि ती पक्की होती. शेवटच्या टप्प्यात भर दुपारीही अंधार असतो. गाडी बंद पडली तर इंजिन गोठायला वेळ लागत नाही आणि मदतीला चिटपाखरू यायचं नाही. गेल्या हिवाळ्यात एक जोडपं तिथे गाडीतच सापडलं होतं, एकमेकांना धरून बसलेलं. बर्फ वितळला की लगेच जाऊ, अगदी पहिल्या आठवड्यात, असं तो म्हणाला. ताईला ते पटलं नाही. पण गाडी त्याची आणि चालवणाराही तोच. तिनं फ्रिजवरचं चुंबक काढलं.

अप्पांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. मास्तरनं काय ठरलं ते सांगितलं. बरं केलंत, अप्पा म्हणाले. सुटल्यासारखेच म्हणाले, त्यामुळे मास्तरलाही हायसं वाटलं. तो नकाशाची घडी घालायला लागला.

मग अप्पा कामाचं बोलू लागले. जन्मभर त्यांनी खोदकामाचं यंत्र चालवलं होतं. निवृत्त झाल्यावरही एक काम गावानं त्यांच्याकडेच ठेवलं होतं. तिकडे मेलेल्या माणसाला पुरतात आणि हिवाळ्यात जमीन अशी घट्ट होते, की कुदळ मारली तर उलटी अंगावर येते. म्हणून थंडीत जे जातील त्यांच्यासाठी खड्डे आधीच काढून ठेवायचे. किती काढायचे, ते अप्पा ठरवायचे. गावातून एक चक्कर मारायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा करायच्या आणि यंत्र सुरू करायचं. अंदाज सहसा चुकायचा नाही. गेल्या वर्षी मात्र एक खड्डा रिकामा राहिला. बर्फ गेल्यावर पोस्टातली म्हातारी काठी टेकत टेकत तो बघायला आली, आणि तुझं डिझेल फुकट गेलं की रे, म्हणून पोट धरून हसली.

"यंदा किती काढले?" दाजींनी विचारलं. त्यांना या कामाची भारी गंमत वाटायची.

तीन, अप्पा म्हणाले. म्हातारीचा मागचाच होता, नुसता साफ केला. दुसरा वखारवाल्याचा, त्याच्या पोटात आता पाणीसुद्धा ठरत नाही. पुढे बोलता बोलता त्यांना खोकला आला आणि तो थांबेचना. ताईनं पाणी प्यायला सांगितलं. फोनमधून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आणि तिसरा, अप्पा?" मास्तरनं घडीवर तळहात दाबत विचारलं.

"तिसरा आहे असाच. त्याला जरा वेळ गेला. हातभर जास्त लांब घ्यावा लागला."

दाजी स्टुलावरून उठले आणि बाजूला उभे राहिले. ताईनं तोंडावर पदर धरावा तसा हातातला पुसायचा कपडा धरला. मास्तरला लाज वाटली आणि लाजेहून जास्त भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच ती भीती रस्त्याची नव्हती.

"अप्पा," तो म्हणाला, "आम्ही उद्या सकाळीच निघतो."

"कशाला रे? रस्ता फार वाईट आहे." अप्पांनी दम घेतला. "बर्फ वितळू दे, मग या सावकाश. मी कुठं जातोय, इथंच आहे."