पूर बघायला आलेले

कयाधूला पूर येणार अशी दवंडी झाली, तशी सोनाजी मास्तरांनी नदीकाठच्या घराभोवती जाड प्लास्टिकची लांबलचक पिशवी अंथरली आणि मोटार लावून पाण्यानं भरून तोंडाला बूच लावलं. कमरेएवढी भिंत झाली. पूर आला, पण घर कोरडं राहिलं.

ही पाण्याची भिंत बघायला कळमनुरीहून मास्तरांचा चुलतभाऊ सात माणसं घेऊन आला आणि रस्ता बंद झाला म्हणून राहिला. पुढं पूर ओसरला, एसटी सुरू झाली, तरी पाहुणे हलेनात. भाकरी थापून थापून मास्तरांच्या बायकोचे, चांगुणाबाईंचे हात भरून आले.

"भावाला जा म्हणून कसं सांगू?" मास्तर कुजबुजले.

"तुमी काहून सांगता? ऱ्हाऊ द्या," चांगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं चालू असतानाच घरात घोट्याएवढं पाणी शिरलं. "पूर आला, पळा!" म्हणत पाहुण्यांनी बोचकी उचलली आणि थेट एसटी स्टँड गाठलं. मास्तर घाबरून नदीवर धावले. नदी खाली खडकाला लागून निवांत वाहत होती.

 

ते परतले तेव्हा चांगुणाबाई भिंतीचं बूच पदराला पुसून राहिल्या होत्या.