मधला बांध

"एकेका वावरासाठी मशीन आणणं परवडत नाही. मधला बांध फोडा, दोन्हीकडचं सोयाबीन काढून देतो," हार्वेस्टरवाला इरफान म्हणाला.

याच बांधापायी भुजंगराव आणि त्यांचा सख्खा भाऊ निवृत्ती कोर्टात भांडत होते. बोलणं कधीच तुटलं होतं. पण मजूर मिळेनात आणि शेंगा तडकायला लागल्या होत्या.

"त्याला सांगा, माझी हरकत नाही," निवृत्ती इरफानला म्हणाला.

"त्याला म्हणावं, मग फावडं उचल," भुजंगरावही इरफानलाच म्हणाले.

दुपारपर्यंत दोन्ही वावरं मोकळी झाली. दोघांच्याही पोत्यांच्या थप्प्या लागल्या. इरफानचीही एका फेरीत दोन कामं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ फावडी घेऊन आले आणि शेजारी शेजारी राबले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. बांध पहिल्यापेक्षा हातभर उंच झाला.