गुडघ्याचं माप

स्मशानातून अस्थींबरोबर धातूचा गुडघाही परत मिळाला. आता सगळ्यांचेच मिळतात. लोक आपापले कृत्रिम सांधे घरच्या मशीनवर धातूतून कापून नेतात, दवाखान्यात ते फक्त बसवून देतात.

रमाकांतने, धाकट्या दिराने, आणून दिलेला तो गुडघा शैलाने फडक्याने पुसला आणि गॅलरीत नेला. तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, स्वतः जोडलेलं मशीन तिथेच होतं. त्याने आपला हा गुडघा त्याच्यावरच कापला होता.

"अहो, कटर सरकतो त्या रेल बारीक आहेत," ती तेव्हा म्हणाली होती. "कटर टायटॅनियमला भिडला की वाकतील, आणि गुडघ्याची एक बाजू जाड राहील." तिने केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारी डायल लावून रेल अंगठ्याने दाबली होती आणि काटा हललेला दाखवला होता.

"कटर काय तुझ्यासारखा मुद्दाम दाबतो का?" दिगंबर हसला होता. मग जन्मभर लंगडला आणि चपलेला दोष देत राहिला.

शैलाने गुडघ्याची एक बाजू डायलखाली धरून काटा शून्यावर लावला. मग दुसरी बाजू आणली. काटा सरकला. चांगलाच सरकला. तिला काहीच वाटलं नाही.

रमाकांत दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, माप चोख आहे, असं दादा शेवटपर्यंत म्हणायचा. होतं का हो?"

शैलाने डायलची आकड्यांची चकती हळूच फिरवली, शून्य बरोबर काट्याखाली आणलं आणि बाजूला झाली.

"तुम्हीच बघा, भाऊजी."