चढता आकडा

आकडा उतरायचा सोडून चढायला लागला, तशी डॉक्टर वेदिकाची सटकली. हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं, भूल कधीच बंद केली, आणि हा माणूस आता आणखी खोल चालला? एका तळहाताला दोन चिकटपट्ट्या, त्यांना जोडलेलं हे गुंगी मोजणारं मशीन. गुंगी उतरली की तळहाताला घाम सुटतो, आकडा खाली येतो. एवढं साधं. पण नाही!

"चंद्रभानजी! डोळे उघडा!" तिने खांदा गदागदा हलवला. श्वास ठीक, नाडी ठीक, पण माणूस ढिम्म.

मग तिला तुपाचा वास आला. खाटेच्या पलीकडे त्याची बायको प्रेमिला काशाची वाटी घेऊन बसली होती.

"हे काय केलंत?"

"भुलीची गर्मी चढली असंन म्हणून तळहाताले तूप चोळलं, मॅडम. तुमच्या पट्ट्या काढल्या, अन् होत्या तशाच लावून देल्या."

"अहो, पट्ट्यांना हात लावायला कोणी सांगितलं? इथे माझा जीव जायची वेळ आली! आणि मी बाहेर होते तेव्हा इतका वेळ बडबड कोणाशी चालली होती?"

"ह्यायच्याशीच. पोळ्यापासून बोलत नाही मी. कळमन्याच्या बाजारात फळायच्या पेट्या उचलू नोका, ऑपरेशन करून घ्या, सांगू सांगू थकली. मंग तोंडच बंद केलं." प्रेमिला जरा ओशाळली. "झोपेतल्या माणसाशी बोललं तर अबोला मोडत नाही ना?"

वेदिकाने कपाळावर हात मारला. प्रेमिला पिशवीत तुपाची डबी शोधायला वळली, तेवढ्यात चंद्रभानने एक डोळा किलकिला केला.

वेदिकाचा जीव भांड्यात पडला. "मग मघाशी उठला का नाहीत?" ती दात-ओठ खात कुजबुजली.

"उठलो असतो तं ही चूप झाली असती," तो पुटपुटला. "किती दिवसानं शिव्या खाऊन राहिलो, मॅडम." आणि डोळा मिटला.

"उठले काय?" प्रेमिला वळली. "उठले असतील तं सांगा. मी चूप बसते."

वेदिकाने वैतागून मशीनकडे पाहिलं. तुपामुळे घाम पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हता; आकडा अजून वरच होता.

"मशीन तर झोपलेत म्हणतंय."

"पाहा! आपण मरा काळजीनं, अन् हा माणूस घोरत पडते!" प्रेमिलाने वाटी उचलली आणि दुसरा हात शोधायला चादर सारली.

तो तळहात आधीच उघडून ठेवलेला होता.